उजव्या हातातलं घड्याळ

प्रिय ताई,

म्हणजे उजव्याच हातात. काल फोनवर मी तीनदा विचारलं आणि तू तीनदा हसलीस, की अगं भुणभुण, चार महिने झाले त्या घड्याळाला, ते कुठल्या हातात बांधलं याचं तुला आज काय पडलंय. पडलंय गं. तू आयुष्यभर डाव्या हातात घड्याळ घातलंस. उजव्या हाताने पाना फिरवायचा असतो, घड्याळ मध्ये येतं, काच फुटते, हे मी शाळेत असताना तूच मला सांगितलंयस. आणि तुझ्या या होणाऱ्या नवऱ्याने तुझा पुढे आलेला डावा हात हळूच बाजूला ठेवला, उजवा मागून घेतला, पट्टा बांधला, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाला, 'आता बरोबर.' तू म्हणालीस, इतकी वर्षं कोणी माझा हात एवढा नीट बघितलाच नव्हता. मी नुसतं हो हो केलं, फोन ठेवला आणि शाई धुवायला हात नळाखाली धरला तो धरूनच राहिले. शेवटी आमच्या वर्कशॉपच्या बाईंनी येऊन नळ बंद केला.

पत्र का, असं तुला वाटेल. आपल्या घरात पत्र लिहिणारी शेवटची व्यक्ती आपली आजी होती, आणि तीही फक्त भांडण झालं की लिहायची. पण तुझा नवीन फोन त्याने दिलाय आणि तो त्यानेच सेट करून दिलाय. दोघांचं सगळं एकाच ठिकाणी, म्हणजे कसं सोपं, असं तूच मला कौतुकाने सांगितलंस. तुला गेलेला मेसेज आधी कोण वाचतं ते मला माहीत नाही, आणि कदाचित तुलाही नाही. म्हणून हे तुझ्या लिफ्ट तपासणीच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, उद्याच पोचणाऱ्या कुरिअरने, तपकिरी पाकिटातून, वर मोठ्या अक्षरात 'लिफ्टबाबत तक्रार' असं लिहून. तुमचे शिपाईकाका ते न उघडता थेट तुझ्या टेबलावर आपटतील. आणि तसं बघितलं तर ही खरंच लिफ्टबाबत तक्रार आहे. घाबरू नकोस, किंवा घाबर, मला नीट कळत नाहीये. फक्त मध्येच पत्र चुरगाळू नकोस. मी क्रमाने सांगते.

तुला आठवतं, दोन वर्षांपूर्वी मी सुट्टीत घरी आले होते आणि तुला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून सलग चार दिवस छळलं होतं? एक हात पुढे कर, आता पाय पुढे कर, आता मान वर, आता समोर काहीतरी छान आहे असं बघ. तू म्हणालीस, समोर तर सिलिंडर आहे. तुझ्या त्या वर्षीच्या गोष्टींनीच मी पेटले होते. मावशी दर महिन्याला एक नवीन माणूस शोधून आणायची आणि तू भेटून आलीस की रात्री जेवताना आम्हाला नक्कल करून दाखवायचीस. एकाच्या आईने विचारलं होतं, हेल्मेटमुळे केस गळतात का. दुसरा स्वतःचा पगार सांगताना तुझ्याकडे न बघता टेबलावरच्या चमच्यांशी बोलत होता. आणि तिसऱ्याने अगदी समजूतदारपणे सांगितलं होतं की लग्नानंतरही तुम्ही लिफ्ट तपासा ना, हरकत नाही, पण आपल्याच बिल्डिंगमधली. बाबा हसून हसून खोकायला लागायचे. आई हसायची आणि मग उठून भांडी आवरायला लागायची. तू कधी उठून गेली नाहीस, पण एकदा ताट पुढे सरकवून म्हणालीस, मला कोणीतरी नुसतं नीट बघावं एवढंच हवंय, विकत घ्यायला आल्यासारखं नाही. त्याच रात्री मी ठरवलं की याची चित्रं करायची. हसवणारी, बोचणारी, एकदम जहाल. सिरीजचं नाव 'पसंती'.

तू तुझी स्केचेस पाहिलीस, चित्रं पाहिली नाहीस. स्केचमध्ये फक्त तू होतीस. हात कोणासमोर पुढे केलाय, पाय कोणासमोर पुढे केलाय, ते मी इथे परत आल्यावर छापायच्या तांब्याच्या प्लेटवर काढलं. प्रदर्शनाला तू येणार होतीस आणि नेमकी तेव्हा त्या हॉस्पिटलच्या लिफ्टची केस आली. नंतर तुला छापलेल्या चित्रांचा एक सेट पाठवते म्हणाले आणि पाठवलाच नाही. तू विचारायचीस आणि मी म्हणायचे, कागद संपलाय, प्रेसचं चाक अडकतंय. चाक उत्तम चालत होतं. कारण सांगते, पण आधी चित्रं सांगू दे.

सहा चित्रं आहेत. पहिल्यात एक माणूस आणि एक मुलगी हॉटेलात बसलेत, दोघांच्या हातात मेन्यूकार्ड आहे, त्याचं गच्च भरलेलं आणि तिचं कोरं. दुसऱ्यात तो तिच्या हातात घड्याळ बांधतोय. घड्याळाच्या तबकडीवर आकडेच नाहीत. तिसऱ्यात तो तिच्या पायात सुंदर बूट चढवतोय, एक नंबर लहान, आणि मागे दुकानदार टाळ्या वाजवतोय. चौथ्यात तो तिला फोन देतोय, ज्याला एकच बटण आहे. पाचव्यात घरातल्या दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे, त्यात तिचं हेल्मेट, तिचे पाने, तिचा टॉर्च, सगळं घासूनपुसून मांडलंय आणि पाहुणे चहा पीत कौतुक करतायत. आणि सहाव्यात पिंजऱ्यासारखी लिफ्ट आहे, पितळी जाळीची. आत ती, नटूनथटून. बटणं बाहेर. तो बाहेर उभा आहे, एक बोट बटणावर.

वाचता वाचता तू थांबली असशील. थांब, मीही थांबले होते. तू पहिल्यांदा सांगितलंस ना, की त्याने हॉटेलात तुझ्यासाठी ऑर्डर केली, तुझं कार्ड मिटून बाजूला ठेवलं आणि म्हणाला की तुम्हाला काय आवडेल ते मला कळतं, तेव्हा मी फोनवर किती हसले होते. म्हटलं, बघ, माझं चित्र नंबर एक! मला मजा वाटली होती. एवढंच नाही, थोडा अभिमानच वाटला, की मी किती करेक्ट निरीक्षण केलं होतं, पुरुष असेच असतात. मग बिनआकड्यांचं घड्याळ. म्हटलं, हल्ली फॅशन आहे. मग बूट, एक नंबर लहान, आणि तू म्हणालीस, सवय होईल, पाय काय, जरा पसरतील नाहीतर आखडतील. मी म्हटलं, योगायोग. मग फोन. मग मागच्या महिन्यात तू सांगितलंस की नवीन घरात तो तुझ्या हेल्मेटसाठी काचेचं कपाट करून घेतोय, आतून दिवा लावलेला, कारण त्याला तुझा फार अभिमान वाटतो. आई तर फोनवर रडली आनंदाने. इतका समजूतदार माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, म्हणाली. तेव्हा बोलायला हवं होतं. पण तू इतक्या वर्षांनी अशी बोलत होतीस, मध्येच गुणगुणत, की मला वाटलं मीच कुजकट झालेय, सगळीकडे माझीच चित्रं बघतेय. बाबांनी तेवढं एकदा म्हटलं होतं, माणूस सभ्य आहे, फक्त हसायच्या आधी आपल्याकडे बघतो. आम्ही त्यांनाच वेड्यात काढलं. त्याला 'मखमल' हे नावही मीच दिलं, आठवतं? आई म्हणाली की आवाज इतका मऊ आहे की दोनदा विचारावं लागतं, आणि मी म्हटलं, मग मखमलच की. तो तेव्हा माझ्यासाठी नुसतं एक टोपणनाव होता आणि आईने पाठवलेला एक फोटो.

आता मी सेट का पाठवला नाही ते. प्रदर्शनात सहा चित्रांच्या शेजारी मी एक कार्ड लावलं होतं. टाइप केलेलं, वधू पाहिजे-वर पाहिजेच्या जाहिरातीसारखं. मला वाटलं, चित्रं मोठ्याने बोलतायत, कार्ड गंभीरपणे बोलेल, मग जोक पूर्ण होईल. त्यात मी लिहिलं होतं: वय एकतीस, उंची पाच फूट पाच, नोकरी सरकारी, लिफ्टच्या बंद शाफ्टमध्ये उतरायची सवय, नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखते, स्वयंपाक येत नाही आणि शिकायची इच्छा नाही, अपेक्षा एवढीच की बटण दाबण्याआधी विचारावं. लोक ते वाचून अक्षरशः भिंतीला टेकून हसत होते. आणि खाली, खरं वाटावं म्हणून, मी लिहिलं होतं: संपर्क, लिफ्ट तपासणी कार्यालय, दुसरा मजला. शहरासकट, ताई. तुझा खरा पत्ता. मला वाटलं, कोण येतंय तिकडे. तुला न विचारता केलं, आणि नंतर तुला चित्रं दाखवायची म्हणजे कार्डही दाखवावं लागणार, म्हणून कागद संपत राहिला.

तुमची ओळख कशी झाली ती गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीयस की मला पाठ आहे. त्याच्या ऑफिसच्या बिल्डिंगमधून तक्रार आली, लिफ्टमध्ये आवाज येतो. तू गेलीस. तासभर कान लावून उभी राहिलीस, वर गेलीस, खाली आलीस, दोर बघितला, मोटर बघितली, सगळं लोण्यासारखं चाललेलं. बिघाड काहीच नव्हता. आणि तो पूर्ण वेळ जिन्यापाशी उभा राहून तुझ्याकडे बघत होता, फार अदबीने. तू म्हणायचीस, खोटी तक्रार करून मला बोलवलंन, बघ कसा आहे! मीही म्हणायचे, कसला रोमँटिक! आज मला एवढंच आठवतंय की तक्रारीत निरीक्षकाचं नाव लिहायची पद्धत नसते, तूच सांगितलंयस. पण त्याने लिहिलं होतं की बाई निरीक्षक पाठवा, ज्या आवाजावरून ओळखतात.

परवा, मंगळवारी दुपारी, तो आमच्या वर्कशॉपमध्ये आला.

मी प्रेसपाशी होते, कोपरापर्यंत काळी. दार वाजलं आणि फोटोतला माणूस आत आला. मी म्हटलं, अय्या, तुम्ही! मनातून आधी आनंदच झाला, की होणारे मेव्हणे एवढ्या लांब मला भेटायला आले. तेवढ्यात बाई आतून आल्या आणि चष्मा वर करून म्हणाल्या, 'अहो, तुम्ही तर आमचे सेटवाले!' बाईंना माणसं लक्षात राहतात, विशेषतः पैसे देणारी. पूर्ण सेट विकत घेणारा एकच माणूस होता, प्रदर्शनाच्या वेळी, हे मला माहीत होतं. कोण, ते मी कधी विचारलं नव्हतं. मी तेव्हा त्या पैशांतून नवीन तांबं आणलं आणि तुला बूट पाठवले होते, बरोब्बर मापाचे. बाईंनी मग माझ्यादेखत सगळं आठवून सांगितलं, की हे तीन दिवस रोज दुपारी यायचे, प्रत्येक चित्रासमोर उभे राहायचे, आणि शेवटी ते कार्डही मागून घेतलं, म्हणाले, हे पण सेटचाच भाग आहे ना. तो मान हलवत होता. काही लपवत नव्हता, ताई. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली. चोरी पकडल्यावर माणूस दचकतो, चिडतो, काहीतरी सांगतो. हा खूश होता, आम्हाला आठवलं म्हणून.

त्याने कोट काढला नाही, म्हणून मला ते दिसलं. कोटाची बटणं उलट्या बाजूला होती. बायकांच्या कपड्यांना असतात तशी. तुला वाटेल, ही पोरगी बटणं काय बघत बसली. पण हे आमच्या कामातलं आहे. तांब्याच्या प्लेटवर आपण जे काढतो ते कागदावर उलटं उमटतं, आरशासारखं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. म्हणून नीट करणारे लोक प्लेटशेजारी आरसा लावून काढतात. दुसरं चित्र काढताना मी आरसा लावायला विसरले. तू स्टुलावर डावा हात पुढे केला होतास, मी जसाच्या तसा काढला आणि छापल्यावर तो उजवा झाला. घड्याळ उजव्या हातात. त्या माणसाच्या कोटाची बटणं बायकी बाजूला. बाई म्हणाल्या होत्या, सगळ्या नव्या पोरी एकदा तरी हे करतातच, राहू दे, कोणाच्या लक्षात येणार नाही. मी विचारलं त्याला. अगदी सहज विचारल्यासारखं, कोट छान आहे, पण बटणं? तो म्हणाला, 'शिंप्याकडे दोनदा परत पाठवला. ऐकेचना, पुरुषाचा कोट असा नसतो म्हणे. शेवटी चित्र नेऊन दाखवलं.'

म्हणून काल मी तुला फोन केला, घड्याळाचं विचारायला. तू डावा म्हणाली असतीस तर मी स्वतःची समजूत घातली असती, की माणसाला चित्रं आवडली, जरा नाद आहे, थोडी चेष्टा करतोय. मी देवाची प्रार्थना वगैरे करत नाही, पण रिंग वाजत होती तेव्हा डावा डावा असं पुटपुटत होते.

मी त्याला सांगितलं, ताई. हे मला तुला सांगायचंच आहे, मी गप्प बसले नाही. मी म्हटलं, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय, ही चित्रं म्हणजे टिंगल आहे. बायकांना असं वागवतात त्याची टिंगल. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, पण लोक तर हसत होते, सगळ्यात जास्त बायकाच हसत होत्या, एकमेकींना ओढून आणून दाखवत होत्या, मी तीन दिवस बघितलं, एवढ्या खूश बायका मी एका ठिकाणी कधी पाहिल्या नाहीत. आणि मग त्याच मऊ आवाजात, मला पुढे वाकून ऐकावं लागलं इतक्या मऊ, म्हणाला, 'मला आयुष्यभर कळलं नाही बायकांशी कसं वागायचं. आईला विचारलं, मित्रांना विचारलं. प्रत्येकजण वेगळंच सांगतो. तुम्ही पहिल्यांदा नीट काढून दाखवलंत, एकापुढे एक. तुमचे फार उपकार आहेत.' मी म्हटलं, अहो ती सुखी नाहीये चित्रात! तो म्हणाला, चेहऱ्यावर तर दिसतेय. आणि खरंच आहे ते. तू स्टुलावर बसून सिलिंडरकडे बघून जे हसलीस ना, तेच हसू मी सहाही चित्रांत वापरलंय. मला वाटलं होतं त्यातच सगळा उपरोध आहे.

बाई तोपर्यंत हातातलं फडकं पिळत उभ्या होत्या. मी विचारलं की ताईला माहितीये का, तुमच्याकडे ही चित्रं आहेत ते. तो म्हणाला, नाही, चित्रं नवीन घराच्या वरच्या खोलीत लावलीयेत. वर तिला अजून नेलं नाही. रविवारी नेणार आहे, लिफ्टने.

त्या लिफ्टबद्दल तू मला मागच्या आठवड्यात सांगितलंस. खालून थेट तिसऱ्या मजल्यावर, पितळी जाळीचं दार, मधे कुठे थांबत नाही. आतलं पॅनल बसवलेलंच नाही. तू म्हणालीस, मी त्याला म्हटलं की असल्या लिफ्टला मी सही देणार नाही, तर म्हणतो कसा, आत कोण बसणार ते ठरलंय, बाहेर कोण उभं राहणार तेही ठरलंय, मग आतल्या बटणांचं काय काम. आणि तू हसलीस! ताई, तू! जी बाई दार आतून उघडत नाही म्हणून अख्ख्या हॉस्पिटलची लिफ्ट सील करून आली, डीनपासून सगळे ओरडत असताना, आणि घरी येऊन म्हणाली की आतल्या माणसाला बाहेर येता आलं पाहिजे, बाकी नियम गेले खड्ड्यात, ती तू हसलीस. त्या एका हसण्याने मी जितकी घाबरलेय तितकी त्याच्या सगळ्या बोलण्याने घाबरले नाही. तू दोराला हात लावून सांगतेस की आठवडाभर टिकेल की नाही. हा माणूस बोलतो तेव्हा तुला काहीच ऐकू येत नाही का? की येतं, आणि इतकी वर्षं वाट बघितल्यावर ते ऐकायचं नाही असं ठरवलंयस? तसं असेल तर मी तुला दोष देत नाही. तुझ्याकडे कोणी नीट बघितलं नव्हतं हे खरं आहे. पण तो तुझ्याकडे बघत नाहीये गं. तो चित्राशी जुळतंय का ते बघतोय. दोन पावलं मागे जाऊन.

आई म्हणेल मी जळतेय. मावशी म्हणेल, कलाकार लोकांची डोकीच फिरलेली. म्हणू दे. कार्ड मी लावलं, पत्ता मी लिहिला, त्याला तुझ्यापर्यंत मीच आणून सोडलं. तू मला माफ कर किंवा करू नकोस, ते नंतर. रविवारी जाऊ नकोस एवढं मी आत्ता म्हणतेय. आजारी पड. मीटिंग काढ. माझा पाय मोडला असं सांग, मी खरंच मोडून घेते. इकडे ये, बाईंच्या घरी वरची खोली रिकामी आहे, त्यांनी स्वतःहून सांगितलंय, आणि बाई स्वतःहून कोणाला साधी चहाची साखरही देत नाहीत.

पण मला माहितीये तू कशी आहेस. तू म्हणशील, मी समोरासमोर विचारीन त्याला. आणि तू विचारशील, आणि तो सगळं खरं सांगेल, मऊ आवाजात, आणि तुला त्याची दया येईल. मला पण आली होती थोडी, खोटं कशाला बोलू. म्हणून आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसले. तो मला भेटायला किंवा आभार मानायला आला नव्हता. तो सातवं चित्र मागायला आला होता. म्हणाला, 'सहाव्यात लिफ्ट वर जाते. मग पुढे काय होतं, ते नाहीये.' मी म्हटलं, काही नाही होत, सिरीज तिथेच संपते. तो हसला नाही, रागावला नाही, नुसता गोंधळला, शाळेतल्या मुलाला गणिताचं शेवटचं पान फाटलेलं मिळावं तसा. म्हणाला, मी मनाने काही करत नाही, मला चुका करायला आवडत नाही. ती वर पोचल्यावर दार उघडायचं की नाही, कधी उघडायचं, मी वर जायचं की खालीच थांबायचं, तुम्ही काढाल तसं. आणि टेबलावर पैशांचं एक पाकीट ठेवून गेला, अठराला लग्नाच्या सह्या आहेत पण चित्र रविवारच्या आत द्या म्हणून. पाकीट तसंच आहे, बाईंनी त्यावर इस्त्री ठेवलीय, कोणी हात लावू नये म्हणून. बाई म्हणतात, काहीच काढू नकोस, पण मग पुढच्या क्षणी म्हणतात, कोरा कागद दिलास तरी तो भिंतीवर लावेल आणि तसंच करेल. मी कालपासून नवीन प्लेट घासून, मेण लावून समोर ठेवलीय. उघडं दार काढलं तर तो उघडेल, असं मला वाटतं. लिफ्टच नसलेलं घर काढलं तर तो लिफ्ट तोडून टाकेल. तो स्वतः दाराबाहेर चालत निघून जातोय असं काढलं तर कदाचित तो खरंच जाईल आणि तुला कधीच कळणार नाही का गेला. पण मी असं काढत बसले, तुला न विचारता, तर मग माझ्यात आणि त्याच्यात काय फरक राहिला? सहाही वेळा मी तुला स्टुलावर बसवून मला हवं ते केलं. आरसा मी या वेळी आधीच लावून ठेवलाय. फक्त तू सांग ताई, आणि शनिवारच्या आत सांग, सातव्या चित्रात तुला कुठे उभं राहायचंय?

तुझीच,
भुणभुण